बारावीनंतरची बालवाडी

फहाहील
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९९०

चि. मुक्ता,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी मला हे सांग, तू आणि तुझ्या पप्पांनी मिळून मला येडी ठरवलीय का? रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं आपल्याकडे. घर भरून बायका. मी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत सांगत होते की माझी मुक्ता विलायतेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, वकिलीचं शिकतेय. तर ती लीना सिस्टर, इस्पितळातली, तिळगूळ चघळत चघळत म्हणते, "पण वहिनी, ती फाउंडेशन इयरला आहे ना? म्हणजे पहिल्याच्या आधीचं. पाया कच्चा असला की बसवतात. शून्यावं वर्ष."

शून्यावं! बायका हसल्या असत्या तरी चाललं असतं, मीही हसून वेळ मारून नेली असती. त्या मेल्या गप्प बसल्या आणि वाणाच्या वाट्या उलट्यासुलट्या करून बघायला लागल्या.

बारावीला शाळेत तिसरी आलेली मुलगी तू. तुझा पाया कच्चा? मी चौथी शिकले सिन्नरला, पण मला कुणी पहिलीच्या आधी शून्यावीत बसवलं नव्हतं. बारावी झाल्यावर बालवाडी, हे मी जन्मात ऐकलं नाही.

आणि दुसरं. वकिलीसुद्धा नाहीच म्हणे. लीनानं सांगितलं, तुझा विषय गुन्हेगार. गुन्हेगार का होतात, त्यांना कोण पकडतं, तुरुंगात काय करतात. वरच्या मजल्यावरची रुकय्या आली होती. ती येतेच, कुंकू लावत नाही पण तिळगूळ दोनदा घेते. ती म्हणाली, "अगो शामला, चोर बघायला पोरीला विमानात कशाला बसवलंस? फहाहीलच्या बाजारात सोन्याच्या दुकानासमोर बसव, दिवसाला दहा दिसतील." तेव्हा मात्र सगळ्या हसल्या.

संध्याकाळी तुझे पप्पा रिफायनरीतून आले, बूट काढायच्या आत मी विचारलं. तर म्हणतात, "मला माहीत होतं." माहीत होतं! मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत उन्हात पाइप जोडून माणसाचं डोकं वितळतं हे मला माहीत होतं, पण बायकोला सांगायची बुद्धीपण वितळते हे नव्हतं माहीत.

मला सरळ लिही. नापास झाल्यासारखं बसवलंय का तुला? बसवलं असेल तर उठ आणि ये. इथे टायपिंग शीक, लीना चिकटवेल इस्पितळात. आणि चोरांचं काय शिकतेस तेही लिही. अर्धं इंग्रजी लिहू नकोस, मी वाचून घ्यायला कुणाकडे जाणार नाही आता.

आशीर्वाद.
तुझी आई

*

लेस्टर
४ मार्च १९९०

ति. आईस,
सा. न.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली. मग वाईट वाटलं. चूक माझी. तू वकिली म्हणत होतीस आणि मी तुला म्हणू दिलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू मला विमानात बसू दिलं नसतंस.

शून्यावं म्हण, बालवाडी म्हण, खरंच आहे. पण नापास म्हणून नाही बसवलं. आमच्या वर्गात चाळिशीचा एक बस ड्रायव्हर आहे, तीन मुलांची आई आहे, मी आहे. ज्यांची शाळा वेगळ्या पद्धतीची झाली किंवा मध्येच सुटली, त्यांना एक वर्ष नुसतं विचार करायला शिकवतात. ते जमलं की पुढची तीन वर्षं खरा विषय. तुला वाटेल विचार करायला काय शिकायचं. ऐक.

पहिल्याच दिवशी वर्गात एक बाई आल्या, टेबलावरची छत्री उचलली आणि घाईघाईनं निघून गेल्या. सरांनी सांगितलं, काय पाहिलंत ते लिहा. आम्ही सगळ्यांनी लिहिलं की छत्री चोरीला गेली. मी तर लिहिलं की बाई घाबरलेली दिसत होती! छत्री त्यांचीच होती, आई. सर म्हणाले, "तुम्ही पाहिलं एवढंच, की एका बाईनं छत्री उचलली. चोरी तुमच्या डोक्यात झाली." मला इतकी लाज वाटली आणि इतकं छानही वाटलं! बारा वर्षं मी उत्तरं पाठ केली, कुणी असं डोकं धरून हलवलंच नव्हतं.

परवा आम्हाला खऱ्या कोर्टात नेलं. एका मुलानं दुकानातून कोट नेल्याचा आरोप होता. त्याला काहीही विचारलं की तो गप्प. मी मनात म्हटलं, संपलं, कबूल आहे. मग एका म्हाताऱ्या कारकुनाच्या लक्षात आलं की त्याला ऐकू येत नाही. तोवर सगळ्यांनी त्याला चोर ठरवून झालं होतं, मीसुद्धा.

हे शिकतेय मी. चोर कोण एवढंच नाही, चोर कुणाला म्हणायचं, कधी, कुणी, आणि म्हटल्यावर पुढे काय.

आता काम तुझ्याकडे. मला एक निबंध लिहायचाय: पोलिसांकडे न जाता लोक आपसातली भांडणं कशी मिटवतात. मी आपल्या बिल्डिंगवर लिहिणार आहे. तू मला सांगशील? जे पाहिलंस ते आणि तेवढंच.

तुझी
मुक्ता

*

फहाहील
शुक्रवार, ३० मार्च १९९०

चि. मुक्ता,

तुझ्या सरांनी मला विचारलंय, हे मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. लीनाला तर मुद्दाम फोन करून सांगितलं की माझ्यावाचून विलायतेतला निबंध अडलाय. छत्रीची गोष्ट पण सांगितली. ती म्हणाली, "मीपण चोरीच लिहिलं असतं." मी म्हणाले, "म्हणजे तुझापण पाया कच्चाच." फार बरं वाटलं.

आता लिहून घे. इथे पोलिसांकडे कुणीच जात नाही. का, तर आपण या अरबांच्या मुलखात राहतो ते कफीलच्या जिवावर. ज्याच्या नावावर आपले कागद, त्याच्या कानावर भांडण गेलं की तो म्हणतो, नकोत ही माणसं, धाडा परत. मग ज्यानं चोरी केली तोही विमानात आणि ज्याची झाली तोही. म्हणून आपलं कोर्ट म्हणजे जिना. आणि न्यायाधीश यूनुस हारिस, तो मिसर देशाचा रखवालदार, जो खाली खुर्ची टाकून बसतो आणि नळाचं पाणी सोडतो.

ताजी केस सांगते. गच्चीवरून माझी नवी चादर गेली, ती जांभळ्या फुलांची. मी पंधरा दिवस सगळ्यांकडे संशयानं बघितलं. निघाली कुठे? तिसऱ्या मजल्यावर, ती मीना अल-अहमदी रिफायनरीतली इंजिनियर पोरं राहतात ना, पुण्याची, त्यांच्यात तो क्षितिज पांघरून झोपला होता! म्हणे, आम्हाला वाटलं घरमालकानं दिली. घरमालक काय यांचा सासरा आहे? यूनुसनं निवाडा दिला. चादर ज्या जिन्यानं वर गेली त्याच जिन्यानं, धुऊन, इस्त्री करून, सगळी दारं उघडी असताना खाली आणून द्यायची. क्षितिज आला बिचारा, दोन्ही हातांवर चादर घेऊन, जसं काही देवीला पातळ आणलंय. रुकय्यानं वरून टाळ्या वाजवल्या. तिथे भांडण संपलं. तेव्हापासून तो मला काकू म्हणतो आणि शुक्रवारी पोहे खायला येतो.

हे बघ, हे तू लिही की सगळ्यांच्या देखत वाईट झालं की सगळ्यांच्या देखतच नीट करायचं असतं. कोपऱ्यात माफी मागितलेली आपल्याकडे चालत नाही. हे मी डोक्यातून नाही, डोळ्यांनी बघून सांगतेय.

रुकय्याच्या सफियाचं लग्न ठरलंय मे महिन्यात, तिकडे गडबड चालू आहे. आहेराचं मी सिन्नरला तुझ्या मामाला कळवलंय. तो बघून घेईल, मला वेळ नाही.

निबंधाचे किती मार्क पडले ते लगेच कळव.
तुझी आई

*

लेस्टर
१२ जुलै १९९०

ति. आईस,
सा. न.

पास! पास, आई! आणि तुझा जिना वर्गात पहिला आला. सरांनी तो निबंध मोठ्यानं वाचला. क्षितिज चादर घेऊन उतरतो तिथे सगळा वर्ग हसला, आणि तो बस ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या गल्लीत असा जिना असता तर माझा भाऊ तुरुंगात गेला नसता." मला रडू आलं. सर म्हणाले, तुझ्या आईला सांग, तिनं जे चार ओळींत सांगितलं त्यावर आम्ही जाडजूड पुस्तकं लिहितो.

बालवाडी संपली. ऑक्टोबरात पहिलं वर्ष. गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायव्यवस्था, असं लांबलचक नाव आहे, ते तू लीना सिस्टरना जोरात वाचून दाखव. आम्हाला तुरुंग दाखवायला नेणार आहेत, न्यायाधीशांशी बोलायला मिळणार आहे. मला झोप येत नाही इतकी मी खूश आहे.

पुढचं पत्र लवकर लिही, बिल्डिंगची एखादी नवी केस घालून.

तुझी
मुक्ता

*

फहाहील
शुक्रवार, ३० ऑगस्ट १९९१

चि. मुक्ता,

आज या घरात बसून तुला लिहितेय, याच्यावर माझाच विश्वास बसत नाही. शेजारच्या देशाचं सैन्य इथे घुसलं त्याला वर्ष उलटलं. त्या बसमधून वाळवंट, ते अम्मानजवळचे तंबू, मुंबईचं विमान, ते मी कधीच लिहिणार नाही, तू विचारूही नकोस. सिन्नरला मामाच्या दुकानातून फोन लावायचा आणि तीन मिनिटं दोघींनी रडायचं, त्यात काय बोलणं झालं आपलं? काहीच नाही.

तर आलो आम्ही! रिफायनरी दुरुस्त करायला जुने फिटर हवेत म्हणून ह्यांना कंपनीनं तारेनं बोलावलं, मी मागे लागून आलेच. दुपारी दोन वाजता दिवा लावून लिहितेय, तेलाच्या विहिरी अजून जळतायत, आभाळ तव्याच्या बुडासारखं आहे. घराचं दार मोडलेलं. फ्रीज, टीव्ही, गाद्या, शिलाई मशीन, सगळं गेलं. स्वयंपाकघरात उरली फक्त पोचा पडलेली परात, तीसुद्धा कुणीतरी पंक्चर काढायला वापरलेली. सैनिकांनी नेलं म्हणतो यूनुस. रडले थोडं. मग म्हटलं, जीव आहे, हात आहेत, चल.

पण खरी बातमी पुढे आहे. मुक्ता, मी चोर पकडला! तुझ्या सरांना सांग, कुठल्याही बालवाडीत न बसता.

रुकय्या आणि तिचा नवरा नूरुद्दीनभाई इथेच राहिले होते. भाईंची बेकरी चालू ठेवायला लावली होती सैनिकांनी. मी वर गेले, आम्ही गळ्यात पडून रडलो, तिनं चहा टाकला. साखर काढायला फळीवरचा डबा खाली घेतला, आणि झाकणावर नाव काय? सौ. शामला बा. गोळेसर! माझं नाव, यंत्रानं टिंबटिंब कोरलेलं. फळीवर बघते तर उतरत्या मापाचे पाच डबे, पाचांवर मी.

"हे कुठून आलं?"

"काय कुठून?"

"डबे! माझ्या नावाचे!"

ती म्हणाली, "शामला, तू जरा बस. उन्हानं डोकं फिरलंय तुझं."

"ऊन आहे कुठे इथे?" मी म्हणाले. आणि मग माझा तोल गेला. जिन्यात आले आणि ओरडले की लुटारू बाहेरून आलेच नव्हते, वरच्या मजल्यावर राहत होते! तिसऱ्या मजल्याची दारं उघडली, क्षितिज आला (ती पोरंही कामाला परत आलीयत), यूनुस धावत वर आला. रुकय्या दारात उभी. तोंडातून एक शब्द नाही. चेहरा पांढरा. निरपराध बाई अशी गप्प बसेल का? मी तरी बसले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही डबे माझ्या उंबऱ्यात. रिकामे केलेले, घासलेले, तिच्या ओढणीत बांधलेले. साखरेचा एक दाणा नाही आत. झाली ना कबुली?

आता यूनुसनं घरमालकाला कळवलंय. मालक सप्टेंबरअखेरीला येतोय. ज्याच्या घरात लुटीचा माल निघेल त्याला घर खाली करायला लावणार आणि वर तक्रार करणार म्हणतो. सध्या इथली माणसं फार भडकलेली आहेत, असल्या तक्रारीला दयामाया नाही. जाऊ दे. तिला माझ्या डब्यांतून साखर काढताना दया आली होती का?

पुरावा कसा पकडला, मान्य कर. आणि तुझं पहिलं वर्ष संपलं असेल की आता. तुरुंग बघितलास का? किती मार्क पडले? एका शब्दानं लिहिलं नाहीस.

तुझी आई

*

लेस्टर
१२ सप्टेंबर १९९१

ति. आईस,
सा. न.

हे पत्र मिळाल्याबरोबर वाच आणि वाचून होईपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस. मालक यायच्या आत पोचावं म्हणून आजच टाकतेय.

मी तिथे नाही. रुकय्यामावशीनं डबे घेतले की नाही, मला माहीत नाही. मला फक्त प्रश्न पडलेत, आणि ते तूच तपासू शकतेस.

एक म्हणजे परात. ती उरलीय म्हणालीस. तिच्यावर कुणाचं नाव आहे? जाऊन बघ. मला आठवतंय तसं आपल्या मोठ्या पातेल्यावर अण्णा आजोबांचं नाव होतं, कळशीवर मामाचं, पोळ्यांच्या डब्यावर "सिन्नरकर मित्रमंडळ" होतं. लहानपणी मी तुला विचारलं होतं की आपली भांडी दुसऱ्यांची का आहेत, आणि तू म्हणालीस, लग्नात ज्यानं दिलं त्याचं नाव घालायची रीत आहे. आई, आपल्या घरात तुझ्या नावाचं एक तरी भांडं होतं का? मला एकही आठवत नाही. मग तुझ्या नावाचे डबे कुणाकडे असायला हवेत? ज्याला तू दिलेस त्याच्याकडे. गेल्या वर्षी मे महिन्यात तू कुणाला काय आहेर दिलास? मामानं काय पाठवलं होतं?

आणि ती गप्प का बसली, हे तू तिला विचारलंस का? गप्प बसणं म्हणजे कबुली, हे आपलं आपण ठरवलं. डबे आणून ठेवले म्हणजे कबुली, हेही. राग आल्यावर दिलेली वस्तू तोंडावर परत फेकतात, तसंही असेल. मला माहीत नाही. विचार. मालकाच्या आत विचार.

आता माझं. तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. मी पहिल्या वर्षाला बसलेच नाही. तुम्ही बसमध्ये होतात की तंबूत की कुठे, काही कळत नव्हतं तेव्हा वर्ग सुरू झाले. मी दोन दिवस जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगितलं, जमत नाही. त्यांनी एक वर्ष जागा राखून ठेवली. तेव्हापासून मी इथल्या वृद्धाश्रमात काम करतेय, म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. ही मुदत १४ ऑक्टोबरला संपते. मी जागा सोडायची ठरवलीय.

आई, एक अख्खं शहर लुटलं. आपलं दार मोडलं. त्यासाठी कुणी कोर्टात उभं राहणार आहे का? माझ्या पुस्तकांत कोट चोरणाऱ्या पोरांबद्दल पानंच्या पानं आहेत आणि याबद्दल काही नाही. ते वाचत बसायची मला लाज वाटते. मी तिकडे येते. टायपिंग शिकते. तुमचं घर परत उभं करू.

पप्पांना अजून सांगू नकोस.

तुझी
मुक्ता

*

फहाहील
सोमवार, ३० सप्टेंबर १९९१

चि. मुक्ता,

पत्र बुधवारी आलं. परात बघितली. काजळी घासून काढली तेव्हा दिसलं: "अण्णांकडून सप्रेम भेट." माझ्या घरातल्या परातीवर नाव देणाऱ्याचं.

मग मामाला तार केली, उत्तर आलं: सफियाच्या लग्नाला डबे पाच, नाव घालून. अगं, त्यानं नाशकात घेतले, तिथेच नाव घातलं, चमकीच्या कागदात बांधून येणाऱ्याच्या हाती पाठवले, आणि मी कागद न सोडता तसेच सफियाच्या हातात दिले. आहेर कधी फोडून बघतो का आपण? माझं नाव मी त्या डब्यांवर पहिल्यांदा बघितलं ते रुकय्याच्या स्वयंपाकघरात. सफिया आणि तिचा नवरा इथून निघाले तेव्हा भांडी आईकडे ठेवून गेले. एवढंच.

डबे ओढणीत बांधून मी वर गेले. रुकय्यानं दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

मी म्हणाले, "हे सफियाचे आहेत."

"तुला आज कळलं?"

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? सगळी बिल्डिंग बघतेय आणि मी सांगू की बाई, हा तुझाच आहेर आहे? आहेर देऊन विसरणारी बघितलीय मी. पण आहेर दिला म्हणून पाहुण्याला चोर बोलणारी पहिलीच." मग तिचा आवाज चढला. "सात महिने या जिन्यात बूट वाजायचे, शामला. तुझ्या दाराला कुलूप नव्हतं, म्हणून मी रोज आत जाऊन बघायची की भिंती तरी आहेत का. आणि तू आलीस ती माझ्या फळीवर नाव वाचत."

मी पाया पडायला वाकले. ती म्हणाली, "इथे नको. इथे कुणी बघत नाही."

तेव्हा कळलं मला काय करायचं ते. मालक शनिवारी आला, पांढऱ्या कपड्यांत, बरोबर दोन माणसं. यूनुस त्याला वर घेऊन निघाला होता. मी जिन्याच्या मध्ये उभी राहिले, डबे दोन्ही हातांवर, आणि ओरडले. त्या दिवशी ओरडले त्याहून मोठ्यानं. आधी मराठीत, मग हिंदीत, मग यूनुससाठी माझ्या मोडक्या अरबीत, की ही चोर नाही, चोरी झालीच नाही, खोटं मी बोलले! मालक यूनुसला विचारतो, ही बाई काय म्हणते? यूनुस म्हणतो, ही म्हणते, वाईट मीच आहे. मी म्हणाले, बरोबर, तसंच सांग! क्षितिज आणि ती सगळी पोरं दारात उभी. एक एक पायरी चढत मी वर गेले आणि डबे रुकय्याच्या हातात दिले, आत साखर भरून.  मालक हसायला लागला. म्हणाला, खलास, खलास, आणि खाली निघून गेला. तक्रार गेली नाही. त्यांचं घर राहिलं.

मुक्ता, तुझं पत्र चार दिवस उशिरा आलं असतं तर? मालकाच्या कागदावर नूरुद्दीनभाईंचं नाव लागलं असतं. आजकाल इथे नाव लागलेली माणसं कुठे जातात हे कुणी विचारत नाही. मी, जिनं तिच्या सफियाला तेल लावून न्हाऊ घातलं, मी पाठवलं असतं त्यांना. पुरावा हातात धरून. खूश होऊन.

आणि तू काय लिहितेस? मला लाज वाटते म्हणून सोडते. टायपिंग शिकते. काय टाइप करणार आहेस, माझं डोकं?

मोठे लुटारू कोर्टात उभे राहणार नाहीत, हे तुझं खरं असेल. ते बघायला माझ्याकडे डोळे नाहीत. पण इथे आत्ता घराघरात लोक एकमेकांकडे बोट दाखवतायत. याच्याकडे फ्रीज कसा, त्याचं दुकान कसं वाचलं, हा इथे कसा राहिला. प्रत्येकाच्या हातात माझ्यासारखा एकेक डबा आहे, आणि परात उलटी करून बघ म्हणणारं कुणी नाही. ते तू म्हणालीस. तिथे बसून. न बघता. तुझ्या त्या बालवाडीत हेच शिकवलं असेल, तर मी सगळ्यांना हात जोडून सांगते की घाला आपापली पोरं तिथे. मग पुढच्या तीन वर्षांत काय काय शिकवत असतील! हे मला हवंय, मुक्ता. मी चौथीत सोडली, तेव्हा कुणी मला थांब म्हणालं नाही. मी तुला म्हणतेय.

घर उभं करायला आम्ही दोघं आहोत. गाद्या आल्या, स्टोव्ह आला. तुझ्या पप्पांना मी सगळं सांगितलं, तू नको म्हणालीस तरी. ते म्हणाले, "तिला लिही, मला इथे फिटर पाहिजेत, टायपिस्ट नको."

रुकय्यानं अजून मला माफ केलेलं नाही. डबे घेतले, पण मला आत घेतलं नाही. मी तिला सांगितलं की हे सगळं मुक्तानं विचारलं म्हणून कळलं, आणि तीच आता शिक्षण सोडतेय. तर ती दाराच्या फटीतून म्हणाली, "सोडतेय? मग पुढच्या वेळी माझ्या बाजूनं कोण विचारणार, तू?" आणि वर म्हणाली, पोरीचं उत्तर घेऊन वर ये, तोवर येऊ नकोस.

म्हणजे आता माझंपण अडलंय.

क्षितिज बुधवारी कंपनीच्या कामाला लंडनला निघतोय, हे पत्र त्याच्या हाती देतेय. तो तुला लेस्टरला येऊन भेटेल, मी त्याला तसं बजावलंय. ११ तारखेच्या शुक्रवारी तो परत इथे उतरतो. त्याच्या खिशात तुझ्या हातचा कागद पाहिजे. मोठं पत्र नको. जागा घेतली, एवढं लिही. "विचार करते" असं लिहिशील तर तसंच वर नेऊन रुकय्याच्या हातात देईन, मग तिला काय सांगायचं ते तूच सांग.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. मी जिन्यात उभी असेन.

तुझी आई